ई-कन्सल्ट: तज्ज्ञाला लेखी प्रश्न विचारण्यापासून उत्तर अमलात आणेपर्यंत

समोर बसलेल्या पेशंटबद्दल फॅमिली डॉक्टरला एक नेमकी शंका असते. किडनीच्या किंवा त्वचेच्या तज्ज्ञाला तिचे उत्तर दहा-पंधरा मिनिटांत देता येईल. पण तेवढ्यासाठी पेशंटला रेफर केले की तो अपॉइंटमेंटच्या रांगेत अडकतो, आणि ज्यांना तज्ज्ञाने हात लावून तपासणे खरोखर गरजेचे आहे तेही त्याच रांगेत मागे पडतात. ई-कन्सल्टमध्ये फॅमिली डॉक्टर सुरक्षित प्रणालीवर लेखी प्रश्न आणि रिपोर्ट पाठवतात, तज्ज्ञ ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर देतात. दोघांना एकाच वेळी मोकळे असावे लागत नाही आणि उपचार फॅमिली डॉक्टरकडेच चालू राहतात.

या पद्धतीची दोन रूपे आधीपासून रुळलेली आहेत. सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलने २००५ मध्ये पोटविकार विभागापासून सुरुवात केली. तिथे येणारे प्रत्येक रेफरल आधी तज्ज्ञ वाचतात आणि अपॉइंटमेंट द्यायची, लेखी सल्ला द्यायचा की आणखी माहिती मागायची हे ठरवतात. कॅनडात ओटावा परिसरात फॅमिली डॉक्टर क्लेअर लिडी आणि एन्डोक्रिनॉलॉजिस्ट (हार्मोनच्या आजारांच्या तज्ज्ञ) एरिन कीली यांनी उभी केलेली सेवा ऐच्छिक आहे. फॅमिली डॉक्टरला वाटले तर तो विचारतो, आणि तज्ज्ञाने आठवड्याच्या आत उत्तर देणे अपेक्षित असते. नव्याने सुरू करणाऱ्यांनी ऐच्छिक रूपच घ्यावे. सक्तीचे रूप चालवायला प्रत्येक विभागात रोज वेळ देणारा तज्ज्ञ लागतो. तो नसेल तर रांग फक्त अपॉइंटमेंटच्या वहीतून संगणकात सरकते.

रूप कोणतेही असो, उत्तर कसे येणार हे प्रश्नच ठरवतो. म्हणून इथे सर्वांत जास्त जागा प्रश्नालाच दिली आहे.

विचारायचे काय आणि काय नाही

ई-कन्सल्टला साजेशा प्रश्नाची खूण अशी: लागणारी माहिती कागदावर उतरवता येते, उत्तर चार-सात दिवसांनी आले तरी पेशंटचे नुकसान होत नाही, आणि आलेला सल्ला तुम्ही तुमच्याच दवाखान्यात अमलात आणू शकता. थायरॉईडचे सीमारेषेवरचे आकडे, हळूहळू वाढणारे क्रिएटिनिन (किडनीचे काम सांगणारा रक्तातला आकडा), सीबीसीमधली (रक्तपेशींच्या मोजणीतली) एखादी न उलगडणारी गोष्ट, लिव्हरची वाढलेली एन्झाइम्स, फोटोत नीट दिसणारे पुरळ, औषध बदलावे की डोस वाढवावा, गरोदरपणात एखादे औषध चालेल का, हे सगळे त्यात बसते.

छातीतले दुखणे, लकव्याची लक्षणे, अचानक गेलेली दृष्टी, अंडकोषातली अचानक कळ, पाठदुखीसोबत लघवी अडणे किंवा मांड्यांमधल्या भागात बधिरपणा, आत्महत्येचा विचार बोलून दाखवणारा पेशंट, सेप्सिसची (जीवघेण्या जंतुसंसर्गाची) शंका: यांपैकी काहीही असेल तर प्रणाली उघडूच नका. फोन उचला किंवा पेशंटला थेट इमर्जन्सीला पाठवा. फॉर्ममध्ये 'तातडीचे' असा पर्याय असला तरी त्याचा अर्थ फार तर चोवीस तासांत उत्तर असा असतो, आणि चोवीस तास या पेशंटना परवडणारे नसतात. साठीतल्या माणसाला नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, चावताना जबडा दुखणे आणि ईएसआर (रक्तातली दाहाची खूण) वाढलेला असेल, तर तीही इमर्जन्सीच समजा. अशा जायंट सेल आर्टेरायटिसमध्ये, म्हणजे डोक्याकडच्या रक्तवाहिन्यांच्या दाहात, गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही.

बायोप्सी, एन्डोस्कोपी किंवा शस्त्रक्रिया लागणार हे उघड असेल तर सरळ रेफर करा. न्यूरॉलॉजीत मधला मार्ग असतो. मायग्रेनचे औषध कसे बदलावे हे लेखी विचारता येते, पण 'चालताना तोल जातो, कशामुळे असेल?' याचे उत्तर चालताना पाहिल्याशिवाय मिळत नाही.

प्रश्न कसा लिहावा

पहिली ओळ प्रश्नाचीच लिहा. हिस्ट्रीने सुरुवात केली की तज्ज्ञ काय शोधायचे हे न कळताच वाचत जातो आणि शेवटी पुन्हा वर येतो. एका ई-कन्सल्टमध्ये एकच पेशंट आणि एकच मुख्य प्रश्न. त्याला जोडून एखादा उपप्रश्न चालतो. थायरॉईड आणि गुडघा एकत्र विचारलेत तर दोन्हींपैकी एकाचे उत्तर अर्धवट येईल.

'मत द्यावे', 'कृपया सल्ला' हे प्रश्न नव्हेत. ज्याच्या उत्तराने तुमची पुढची कृती बदलेल तो प्रश्न. लिहिण्याआधी स्वतःला विचारा: उत्तर 'हो' आले तर मी काय करेन, 'नाही' आले तर काय करेन? दोन्हींचा परिणाम सारखाच असेल तर तो प्रश्न पाठवायची गरज नाही.

प्रश्नाखाली वय, लिंग, गरोदरपणाची शक्यता, तक्रार किती दिवसांची आणि वाढते आहे की तशीच आहे हे लिहा. त्यानंतर तुम्ही स्वतः तपासून पाहिलेल्या खुणा. मग रिपोर्टचे आकडे, प्रत्येकाला तारीख, एकक आणि त्या लॅबची नॉर्मल मर्यादा. 'क्रिएटिनिन वाढले आहे' यातून काहीच कळत नाही. १.१ वरून १.४ आणि १.१ वरून ३.४ या दोन्हींना वाढ म्हणतात. जुने रिपोर्ट असतील तर अवश्य द्या. बहुतेक तज्ज्ञांना आजच्या आकड्यापेक्षा आकडा कुठून कुठे आणि किती दिवसांत गेला हे जास्त सांगते.

औषधांची यादी नावाने, डोससह आणि कधीपासून ते लिहून द्या. डॉक्टरांनी न दिलेली औषधेही तीत हवीत: पेशंट स्वतःहून घेतो त्या वेदनाशामक गोळ्या, व्हिटॅमिन, पावडरी, काढे, मलमे. हा मुद्दा सर्वांत जास्त गळतो आणि उत्तर सर्वांत जास्त तोच बदलतो. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या डोसमुळे काही लॅबच्या पद्धतीत थायरॉईडच्या तपासणीतले टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त दिसते. तज्ज्ञाला बायोटिनचा पत्ता नसेल तर तो हायपरथायरॉइडिझमच्या (थायरॉईड जास्त काम करण्याच्या) वाटेने जाईल. अशा वेळी बायोटिन किमान दोन दिवस बंद ठेवून पुन्हा रक्त घ्यावे लागते.

आतापर्यंत काय करून पाहिले, किती डोसमध्ये, किती दिवस आणि का थांबवले हे लिहा. तुमचा स्वतःचा अंदाजही लिहा. बरेच डॉक्टर तो चुकेल या संकोचाने गाळतात. तसे करू नका. तुम्ही कुठवर विचार केला आहे हे कळले की तज्ज्ञ तिथूनच पुढे बोलतो आणि तुम्हाला माहीत असलेलेच परत सांगत बसत नाही. शेवटच्या ओळीत तुमच्याकडे काय होऊ शकते आणि पेशंटची काय अडचण किंवा इच्छा आहे ते सांगा. एमआरआय जवळपास नसेल किंवा पेशंटला इन्सुलिन नकोच असेल, तर ते आधी कळलेले बरे.

हे सगळे मिळून दोनशे शब्दांपलीकडे क्वचितच जावे. संपूर्ण केस पेपर चिकटवून 'सोबत जोडले आहे' असे लिहिणे म्हणजे निवडीचे काम तज्ज्ञावर ढकलणे आहे. जे महत्त्वाचे ते मजकुरात आणि मूळ रिपोर्ट जोडपत्रात, हा क्रम ठेवा.

एक नमुना

पुढचा पेशंट काल्पनिक आहे, पण प्रश्न रोजचा आहे. त्यातले रॅमिप्रिल हे बीपीचे आणि किडनी जपणारे औषध, आणि ईजीएफआर म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज. आधी वाईट रूप:

'६२ वर्षे पुरुष, डायबेटिस, बीपी. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वाढले आहे. रॅमिप्रिल चालू आहे. कृपया मार्गदर्शन करावे.'

याला फक्त 'ओपीडीत पाठवा' असेच उत्तर येऊ शकते. आता तोच पेशंट नीट लिहून (काही एकके आणि लॅबच्या मर्यादा इथे जागेसाठी गाळल्या आहेत):

'प्रश्न: रॅमिप्रिल ५ मिग्रॅ चालू ठेवावे की डोस कमी करावा? ६२ वर्षे, पुरुष. टाइप २ डायबेटिस ११ वर्षे, बीपी ८ वर्षे. लघवीत अल्ब्युमिन जात असल्याने रॅमिप्रिल चार आठवड्यांपूर्वी सुरू केले. सुरू करण्याआधी क्रिएटिनिन १.२, ईजीएफआर ६८, पोटॅशियम ४.७. आज क्रिएटिनिन १.५, ईजीएफआर ५२, पोटॅशियम ५.३, नमुना हिमोलाइज झालेला नाही. लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३८० मिग्रॅ प्रति ग्रॅम, तीन महिन्यांपूर्वी ३५०. बीपी १३६/८४. सूज नाही, उलट्या-जुलाब नाहीत, लघवीला अडथळा नाही. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या सुमारे १० सेंमी, अडथळा नाही. इतर औषधे: मेटफॉर्मिन ५०० दोनदा, ॲम्लोडिपिन ५. गुडघेदुखीसाठी तीन आठवडे डायक्लोफेनॅक ५० दिवसातून दोनदा स्वतःहून घेतो, आजच कळले, बंद करायला सांगितले. माझा अंदाज: रॅमिप्रिल आणि डायक्लोफेनॅकचा एकत्रित परिणाम. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन इथे त्याच दिवशी होते.'

या प्रश्नातली डायक्लोफेनॅकची ओळ काढून टाका आणि तज्ज्ञाच्या जागी बसून पाहा. संशय एकट्या रॅमिप्रिलवर जातो, आणि डायबेटिसमध्ये किडनी वाचवणारे औषध विनाकारण बंद होण्याची शक्यता वाढते. हिमोलिसिसचा उल्लेखही तितकाच कामाचा आहे. रक्त घेताना किंवा नेताना पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटेच जास्त येते, आणि तज्ज्ञाचा पहिला प्रश्न तोच असतो.

विभागानुसार काय जोडावे

रक्तविकारांच्या प्रश्नाला पूर्ण सीबीसी द्या. एमसीव्ही, आरडीडब्ल्यू (लाल पेशींचा आकार आणि त्यातला फरक) आणि शक्य असेल तर स्मिअरचा (काचेवर पसरलेले रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा) रिपोर्टही हवा, नुसते हिमोग्लोबिन पुरत नाही. ॲनिमिया असेल तर फेरिटिन (लोहाचा साठा) आणि सोबत सीआरपी (दाहाची खूण) द्या, कारण शरीरात दाह असताना फेरिटिन वाढते आणि लोहाची कमतरता झाकली जाते. प्लेटलेट्स कमी आल्या आणि पेशंटला रक्तस्रावाची एकही खूण नसेल, तर विचारण्याआधी स्मिअरमध्ये गुठळ्या आहेत का ते लॅबला बघायला सांगा. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत काही लोकांच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या मोजत नाही. नवा नमुना सायट्रेटच्या नळीत घेतला की आकडा बऱ्याचदा जागेवर येतो. त्या नळीतल्या द्रवामुळे रक्त पातळ होते, म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणावे लागते. कित्येक ई-कन्सल्ट या एका तपासणीनेच टळतात.

त्वचेच्या प्रश्नात फोटो हीच तपासणी. किमान तीन काढा: अंगाचा कोणता भाग आहे हे कळेल असा लांबून, डाग भरून दिसेल असा वीस-तीस सेंटिमीटरवरून, आणि उंचवटा कळेल असा तिरक्या कोनातून. खिडकीजवळचा पसरलेला उजेड सर्वांत चांगला. फ्लॅशने चकाकी येते आणि पिवळ्या दिव्याने लाली दिसेनाशी होते. शेजारी मोजपट्टी ठेवा. कॅमेऱ्याचे ब्युटी फिल्टर बंद आहे ना ते तपासा, अनेक फोनमध्ये ते आपोआप चालू असते आणि खवले पुसून टाकते. फोटो काढल्यावर तिथेच मोठा करून पाहा. पेशंट निघून गेल्यावर धूसर फोटोला काही इलाज नसतो. सावळ्या त्वचेवर लाली फोटोत नीट उतरत नाही, म्हणून स्पर्शाला गरम लागते का, खरखरीत आहे का, दाबल्यावर रंग जातो का हे शब्दांत लिहा. आणि आधी कोणते मलम लावले ते नक्की लिहा. स्टेरॉइडचे मलम लावलेले गजकर्ण आपले नेहमीचे रूप सोडते, आणि मग अनुभवी डोळाही फसतो.

ईसीजी पाठवायचा तर मूळ पट्टी सपाट ठेवून सरळ वरून स्कॅन करा. पट्टीवर २५ मिमी प्रति सेकंद आणि १० मिमी प्रति मिलिव्होल्ट हे लिहिलेले दिसायला हवे, नाहीतर लहरींची उंची कशाशी ताडायची हे कळत नाही. मशीनने छापलेले निदान पाठवून मूळ पट्टी न पाठवणे ही नेहमीची चूक आहे.

डायबेटिसमध्ये एचबीएवनसीसोबत (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) हिमोग्लोबिनही द्या. लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटे जास्त येऊ शकते, आणि नुकतेच रक्त चढवले असेल किंवा रक्तपेशी लवकर फुटत असतील तर खोटे कमी. घरी मोजलेल्या साखरेचे दोन आठवड्यांचे आकडे वेळेसह द्या, साखर उतरल्याचे प्रसंग वेगळे दाखवा. थायरॉईडसाठी टीएसएच, फ्री टी-४ आणि शक्य तर अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी). टीएसएच किंचित वाढलेले एकदाच आढळले असेल तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करून मगच विचारा. टीएसएच दहाच्या वर टिकून असेल तर सहसा उपचाराकडे कल जातो. त्याखाली वय, लक्षणे आणि गरोदरपणाचा बेत यांवर निर्णय फिरतो, म्हणून ते लिहिल्याशिवाय उत्तर मिळणार नाही.

लिव्हरसाठी एएलटी, एएसटी, अल्कलाइन फॉस्फेटेज, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, प्लेटलेट्स, हिपॅटायटिस बी आणि सी, सोनोग्राफी आणि दारूचे खरे प्रमाण. फॅटी लिव्हरचा प्रश्न असेल तर एफआयबी-४ (लिव्हरमधल्या फायब्रोसिसचा, म्हणजे व्रणाचा, अंदाज) आधीच काढून ठेवा: (वय गुणिले एएसटी) भागिले (प्लेटलेट्स गुणिले एएलटीचे वर्गमूळ). यात प्लेटलेट्स हजारांत मांडायच्या, म्हणजे दोन लाख असतील तर २००. उत्तर १.३ च्या खाली असेल तर पुढच्या टप्प्याच्या फायब्रोसिसची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर तज्ज्ञाने प्रत्यक्ष पाहणे योग्य. पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात, पस्तिशीच्या आत हे गणित भरवशाचे नाही. सांध्यांच्या बाबतीत एवढेच सांगणे पुरे की 'एएनए पॉझिटिव्ह' (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटीबॉडी सापडणे) हा आजार नव्हे. कोणते सांधे सुजले, सकाळचा ताठरपणा किती मिनिटे टिकतो आणि एएनएचे टायटर (प्रमाण) किती, हे लिहाल तरच प्रश्नाला अर्थ येतो.

तज्ज्ञाने उत्तर कसे द्यावे

उत्तरही उत्तरानेच सुरू व्हावे. कारण दोन-तीन ओळींत, त्यानंतर करायच्या गोष्टी क्रमाने, आकड्यांसह. 'औषध काळजीपूर्वक वाढवावे' याचा फॅमिली डॉक्टरला उपयोग नाही. किती मिग्रॅने, किती दिवसांनी, कोणत्या आकड्यापर्यंत आणि कोणता रिपोर्ट पाहून, हे लिहिले पाहिजे. सर्वांत मोलाचा भाग 'असे झाले तर तसे करा' हा असतो, कारण तो पुढचे दोन-तीन प्रश्न आधीच मिटवतो. वरच्या नमुन्याला चांगले उत्तर असे येईल (यातले एसीई इनहिबिटर म्हणजे रॅमिप्रिलचा गट, आणि डॅपाग्लिफ्लोझिन हे डायबेटिस आणि किडनीसाठीचे औषध):

'रॅमिप्रिल ५ मिग्रॅ चालू ठेवा. क्रिएटिनिनची वाढ २५ टक्के आहे. एसीई इनहिबिटर सुरू केल्यावर चार आठवड्यांत ३० टक्क्यांपर्यंत वाढ मान्य आहे आणि इथे डायक्लोफेनॅकचाही वाटा दिसतो. डायक्लोफेनॅक आणि त्या गटातील सर्व गोळ्या बंद. दुखत असेल तर पॅरासिटामॉल, दिवसाला ३ ग्रॅमपर्यंत. पोटॅशियम असलेले कमी सोडियमचे मीठ घेत असल्यास थांबवा. ७ ते १० दिवसांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा. पोटॅशियम ५.५ किंवा खाली आणि क्रिएटिनिन स्थिर असेल तर डॅपाग्लिफ्लोझिन १० मिग्रॅ रोज एकदा जोडा. सुरुवातीला ईजीएफआर थोडा घसरू शकतो, त्यामुळे घाबरून बंद करू नका. उपाशी राहण्याच्या किंवा उलट्या-जुलाबांच्या दिवसांत मात्र ते आणि मेटफॉर्मिन थांबवायला पेशंटला सांगा. पोटॅशियम ५.६ ते ५.९ आले तर रॅमिप्रिल २.५ करा आणि आठवड्याने पुन्हा तपासा. ६ किंवा वर आले तर त्याच दिवशी ईसीजी आणि हॉस्पिटल. क्रिएटिनिन १.५६ च्या वर गेले तर मला प्रत्यक्ष दाखवा. हे मत पाठवलेल्या माहितीवर आधारित आहे, पेशंटला मी तपासलेले नाही.'

शेवटचे वाक्य प्रत्येक उत्तरात असावे. १.५६ हा आकडा कुठून आला हे उघड आहे: १.२ च्या तीस टक्के वर. पण तज्ज्ञाने तो हिशेब स्वतः करून दिला की धावपळीच्या ओपीडीत चूक होण्याची एक जागा कमी होते.

प्रश्न अपुरा असेल तर अंदाजाने उत्तर देऊ नका आणि केस नाकारूही नका. नेमके काय हवे ते एका ओळीत विचारून परत पाठवा. आणि पेशंटला प्रत्यक्ष बोलवायचे ठरले तर का, किती दिवसांत आणि येण्याआधी कोणत्या तपासण्या करून आणायच्या हे लिहा. तसे केले तर पहिल्याच भेटीत निर्णय होतो. 'क्लिनिकल कोरिलेशन करावे' (रिपोर्ट लक्षणांशी ताडून पाहावा) हे वाक्य ई-कन्सल्टमध्ये कधीही लिहू नका. ते करता येत नव्हते म्हणूनच प्रश्न आला होता.

उत्तर आल्यानंतर

जिथे ही पद्धत मोडते ती जागा सहसा हीच असते. उत्तर शुक्रवारी संध्याकाळी आले, फॅमिली डॉक्टर सोमवारपासून रजेवर, आणि पोटॅशियम तपासायचे राहून गेले. त्यामुळे प्रत्येक दवाखान्यात रोज एकदा आलेली उत्तरे उघडणारी ठरावीक व्यक्ती हवी आणि तिच्या गैरहजेरीत कोण बघणार हेही आधीच ठरलेले हवे. आठवड्यातून एकदा उघड्या केसेसची यादी काढा: पाठवलेल्या पण उत्तर न आलेल्या, आणि उत्तर आलेल्या पण पेशंटला न कळवलेल्या. दुसरी यादी जास्त धोक्याची, कारण तिथे सगळ्यांना काम झाले असेच वाटत असते.

उत्तर वाचल्यावर ते स्वीकारायचे की नाही हा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरचा. तज्ज्ञ आपल्या मताच्या दर्जाला बांधील असतो, पण पेशंट तुमच्यासमोर आहे आणि तज्ज्ञाला न दिसलेली गोष्ट तुम्हाला दिसत असेल. सल्ल्यापासून वेगळे काही केलेत तर कारण केस पेपरवर लिहा. मग उत्तर पेशंटच्या नोंदीत जोडा, औषधाचे बदल करा, पुढच्या तपासणीची तारीख टाका आणि केस बंद करा. हा क्रम बदलू नका. केस आधी बंद केली की तारीख टाकायची राहते.

पेशंटला तज्ज्ञाचे उत्तर जसेच्या तसे वाचून दाखवू नका. काय विचारले, काय ठरले, कोणती गोळी बदलली, पुन्हा रक्त कधी द्यायचे आणि कोणती लक्षणे दिसली तर वाट न पाहता यायचे, हे त्याच्या शब्दांत सांगा. काहींना वाटते की मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायचे टाळले. त्यांना प्रश्न पाठवण्याआधीच सांगितले पाहिजे की तज्ज्ञाचे मत घेत आहोत आणि गरज पडली तर प्रत्यक्षही पाठवू. संमती त्याच वेळी घ्या आणि नोंदवा.

गोपनीयता

ओळखीच्या तज्ज्ञाला व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवून विचारणे सोपे वाटते, पण त्या सल्ल्याची पेशंटच्या नोंदीत खूण राहत नाही, उत्तर बाकीच्या मेसेजांमध्ये हरवते आणि फोटो दोन खासगी फोनच्या गॅलरीत कायमचे राहतात. अनेक फोन गॅलरीची प्रत आपोआप क्लाउडवर चढवतात, आणि फोटोच्या फाइलमध्ये काढल्याची जागा व वेळही साठलेली असते. शक्यतो प्रणालीच्या स्वतःच्या कॅमेऱ्यातून फोटो घ्या, तो गॅलरीत जात नाही. ते जमत नसेल तर चढवल्यावर लगेच फोनवरून आणि क्लाउडवरूनही पुसा. चेहरा किंवा ओळखू येणारा गोंदवलेला भाग निदानाला लागत नसेल तर फ्रेमबाहेर ठेवा. जोडपत्र पाठवण्याआधी त्यावरचे नाव वाचा. चुकीच्या पेशंटचा रिपोर्ट जोडणे ही सर्वांत सहज होणारी आणि सर्वांत घातक चूक आहे.

सेवा नव्याने उभी करताना

सगळे विभाग एकदम सुरू करू नका. फॅमिली डॉक्टरांना विचारून ज्यांचे प्रश्न सर्वाधिक येतात असे दोन-तीन विभाग निवडा. एन्डोक्रिनॉलॉजी, त्वचा, किडनी आणि रक्तविकार यांनी सुरुवात केली तर सहसा सोपे जाते, कारण त्यांचे बरेच प्रश्न आकड्यांवर किंवा फोटोवर सुटतात. तज्ज्ञ नावानिशी ठरलेले असावेत आणि त्यांच्या आठवड्यात या कामासाठी राखीव वेळ असावा. 'ओपीडी संपल्यावर बघतो' यावर चालणारी सेवा दोन महिन्यांत थंडावते. वेळेचा मोबदलाही ठरवा. अमेरिकेत मेडिकेअरने (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने) २०१९ पासून तज्ज्ञाचे लेखी उत्तर आणि फॅमिली डॉक्टरचे प्रश्न तयार करण्याचे काम या दोन्हींसाठी स्वतंत्र कोडखाली पैसे देणे सुरू केले. दोन्ही बाजूंचे काम मोजले जाणे हा त्यातला योग्य भाग आहे. प्रश्न नीट लिहायलाही वेळ लागतो आणि तो फुकट धरला की प्रश्न पुन्हा दोन ओळींवर येतो.

फॉर्म छोटा ठेवा. वीस सक्तीचे रकाने असले की डॉक्टर त्यांत टिंबे भरतात. मुख्य प्रश्न, माझा अंदाज, औषधे, इथे काय होऊ शकते आणि जोडपत्रे एवढे पाच पुरतात. बाकी विभागानुसार यादी बाजूला दिसू द्या.

प्रत्येक केस बंद करताना फॅमिली डॉक्टरला तीनच प्रश्न विचारा: उत्तराने तुमचा बेत बदलला का, आधी रेफर करणार होता पण आता गरज उरली नाही असे झाले का, आणि उत्तर उपयोगी होते का. यासोबत उत्तराला लागलेले दिवस, अपुरे म्हणून परत गेलेले प्रश्न आणि सात दिवसांत न उघडलेली उत्तरे महिन्याला मोजा. परत जाणारे प्रश्न एकाच विभागात जास्त असतील तर दोष बहुधा त्या विभागाच्या यादीत असतो. तज्ज्ञाला जे नेहमी लागते ते त्या यादीत लिहिलेलेच नसते. एकच प्रश्न वेगवेगळ्या डॉक्टरांकडून पुन्हा पुन्हा येऊ लागला तर तज्ज्ञाकडून त्यावर एक पानी मार्गदर्शक लिहून घ्या आणि तो फॉर्ममध्येच, प्रश्नाच्या रकान्याच्या वर दिसेल असा ठेवा. तो वाचूनही ज्यांची शंका उरेल त्यांना प्रश्न पाठवण्याची वाट मोकळी असू द्या.